नऊ एक्क्यांचा वर्ग

कागदावर नऊ एक्के लिहा: १११११११११. त्यांच्याखाली पुन्हा तेच नऊ एक्के लिहा आणि शाळेत शिकलो त्या रीतीनं गुणाकार मांडा. पाढे आठवायची गरज नाही, कारण प्रत्येक वेळी एकानंच गुणायचं आहे. नऊ एक्क्यांच्या नऊ ओळी एकीखाली एक येतात आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकते. आता उजवीकडून उभी बेरीज घ्या. पहिल्या घरात एकच एक्का आहे, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. नवव्या घरात नऊच्या नऊ ओळी हजर असतात, म्हणून तिथं नऊ. त्यापुढे वरच्या ओळी एकेक करून संपू लागतात आणि बेरीज आठ, सात, सहा अशी उतरत सतराव्या घरात पुन्हा एकावर येते. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१.

एवढ्या मोठ्या गुणाकारात हातचा एकदाही घ्यावा लागला नाही, आणि सगळी करामत तिथंच आहे. दहा एक्के घेऊन पाहा. मधल्या घरात दहा जमतात, शून्य लिहून हातचा एक पुढे न्यावा लागतो, तो शेजारच्या नऊला मिळून तिथंही दहा होतात, तिथला हातचा आठला मिळून त्याचे नऊ होतात. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूचा आठ गायब, मध्ये दोन शून्यं, उजवी बाजू मात्र जशीच्या तशी. म्हणजे दहा चिन्हांनी मोजणाऱ्या माणसांना ही चढउतार नऊ एक्क्यांपर्यंतच मिळते. सोळा चिन्हांची पद्धत वापरली तर ती पंधरा एक्क्यांपर्यंत जाते.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (ग्रंथ ११५० सालचा) एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. आपली संख्या सतरा अंकी, म्हणजे परार्धाच्या एकच पायरी खाली. त्या नावांनी ती वाचायची तर अशी: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. मोठ्यानं वाचून पाहावी अशी ही संख्या आहे. एकाही स्थानावर शून्य नसल्यामुळे यादीतलं एकही नाव गाळावं लागत नाही.

असल्या संख्यांचा नाद जुना आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात गुणाकाराची उदाहरणं देताना त्यांनी मुद्दाम हारासारखी उत्तरं येतील असे आकडे निवडले आहेत. त्यातलं एक उदाहरण २७९९४६८१ गुणिले ४४१. उत्तर येतं १२३४५६५४३२१, म्हणजे सहा एक्क्यांचा वर्ग. हे आकडे त्यांनी कसे निवडले असतील ते पाहण्यासारखं आहे. ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग, आणि २१ गुणिले ५२९१ म्हणजे बरोबर सहा एक्के: ११११११. हार ओवण्याआधी मणी कुठून तोडायचे ते आचार्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याच ग्रंथात १२३४५६७९ गुणिले ९ हेही आहे, ज्याचं उत्तर आपले नऊ एक्के. ते पुढे कामी येईल.

विसाव्या शतकात या संख्यांना नाव दिलं ते आपल्या द. रा. कापरेकरांनी. जन्म १९०५, डहाणूचा; शिक्षण ठाणे आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात; १९२७ साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिक; आणि १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. १, १२१, १२३२१ या मालिकेवर त्यांनी १९३८ साली लेख लिहिला आणि तिला ‘वंडरफुल डेम्लो नंबर्स’ म्हटलं. डेम्लो हे तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरचं, मुंबईपासून तीसएक मैलांवरचं स्टेशन. ही कल्पना त्यांना तिथं सुचली असं सांगतात. आजचं डोंबिवली ते हेच. दररोज लाखो माणसं लोकल पकडतात त्या स्टेशनाचं नाव गणितात कायमचं नोंदलं गेलं आहे, हे डोंबिवलीकरांना तरी माहीत असायला हवं.

आता आकार. नऊ एक्क्यांइतके सेकंद म्हणजे १२८६ दिवस, साडेतीन वर्षं आणि वर आठवडाभर. बालवाडीत पाऊल टाकणाऱ्या मुलाचं वय. याच आकड्याचा वर्ग करून तेवढे सेकंद मोजले तर ३९ कोटी १२ लाख वर्षं होतात. सह्याद्रीचा काळा पत्थर ज्या लाव्हापासून झाला तो साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. त्याच्याही जवळपास सहापट मागे जावं लागतं. तो डेव्होनियन काळ. समुद्रात माशांचं राज्य होतं आणि जमिनीवर पहिली जंगलं नुकती उभी राहत होती. वर्ग करणं ही साधी दोन अक्षरी क्रिया काय करते ते इथं दिसतं: बालवाडीतल्या मुलाच्या वयावरून ती आपल्याला थेट तिथं नेऊन सोडते.

वर्ग आहे तर चौरसच काढू. शाळेच्या आलेख कागदावर एक मिलिमीटरची घरं असतात. बरोबर १२३४५६७८९८७६५४३२१ घरं असलेला चौकोनी आलेख कागद हवा असेल तर त्याची बाजू १११.१११ किलोमीटर भरेल आणि क्षेत्रफळ १२३४५.६७८९८ चौरस किलोमीटर. गोव्याचं क्षेत्रफळ ३७०२ चौरस किलोमीटर आहे. त्या कागदाखाली तीन गोवे झाकले जातील आणि वर आणखी एक तृतीयांश गोवा.

ही १११.१११ किलोमीटरची बाजू ओळखीची वाटली असेल, कारण भूगोलाच्या पुस्तकात दोन अक्षांशांमधलं अंतर १११ किलोमीटर दिलेलं असतं. हा योगायोग नाही. फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७९० च्या दशकात मीटर ठरवला तो उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून. म्हणजे ते अंतर दहा हजार किलोमीटर. त्याचे नव्वद अंश पाडले की प्रत्येक अंश १११.१११… किलोमीटर. प्रत्यक्ष पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी असल्यानं हा आकडा जागोजागी थोडा बदलतो, पण मुळातली कल्पना तीच. दहाच्या घाताला नऊनं भागलं की एक्क्यांची रांग लागते, आणि काटकोनाचे अंश नव्वद. आपला आलेख कागद म्हणजे विषुववृत्ताजवळचा एक अंश रुंद आणि एक अंश उंच तुकडा झाला, मिलिमीटरमध्ये मोजलेला.

हाच गुणाकार संगणकाला सांगून पाहा. एक्सेलच्या चौकटीत १११११११११ गुणिले १११११११११ टाका आणि सगळे अंक दिसतील एवढी चौकट रुंद करा. उत्तर १२३४५६७८९८७६५४३०० दिसेल; शेवटचा एकवीस गळून गेलेला. एक्सेल पंधराच सार्थ अंक दाखवतं. पण आतही तो एक्का शिल्लक नसतो. बहुतेक संगणक साधी आकडेमोड द्विमान पद्धतीतल्या ५३ अंकांवर करतात. २ चा ५३ वा घात ९००७१९९२५४७४०९९२ आहे. तिथपर्यंत प्रत्येक पूर्ण संख्या जशीच्या तशी साठवता येते. त्यापुढे २ च्या ५४ व्या घातापर्यंत फक्त सम संख्यांना जागा असते. आपली संख्या विषम आणि त्या मर्यादेच्या थोडी वर, म्हणून तिला शेजारच्या सम घरात, १२३४५६७८९८७६५४३२० वर ढकललं जातं. पाटीवर कुणीही मूल अचूक करील असा हा गुणाकार आहे. मोठ्या संख्यांची वेगळी सोय न करता तोच यंत्राला सांगितला, तर त्यातला शेवटचा एक्का हरवतो.

मला इथं एक प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. ही चढउतार संख्येची स्वतःची की आपल्या लिखाणाची? द्विमानात हीच संख्या ५४ अंकांत लिहावी लागते, ती १०१ नं सुरू होते आणि ००१ नं संपते, म्हणजे उलटसुलट सारखी वाचता येत नाही. डोळ्यांना भुरळ घालणारं रूप दशमान पद्धतीनं दिलेलं आहे. पण तिला भाग कुणाकुणाचा जातो, ती वर्ग आहे की नाही, या गोष्टी कुठल्याही लिपीत लिहा, बदलत नाहीत. गणिती सहसा दुसऱ्या प्रकाराला मान देतात आणि पहिल्याला करमणूक समजतात. ही संख्या मला आवडते ती यासाठी की तिच्यात एक प्रकार हाताला लागला की दुसरा त्याला चिकटूनच येतो.

तिचे अवयव पाडू. नऊ एक्के तीन-तीनच्या गटांत वाचा: १११ १११ १११. म्हणजे १११ गुणिले १००१००१. एक्क्यांची गणती मूळ संख्या नसेल, तर एक्क्यांची संख्याही मूळ असू शकत नाही, ते याच कारणानं. उलट मात्र खरं नाही: एक्के तीन असूनही १११ मूळ नाही. दोन, एकोणीस, तेवीस, ३१७ आणि १०३१ एक्के असलेल्या संख्या मूळ आहेत. त्यानंतरची, ४९०८१ एक्क्यांची, मूळ असल्याचं सिद्ध व्हायला २०२२ साल उजाडलं. आपल्या नऊ एक्क्यांत १११ म्हणजे ३ गुणिले ३७ आणि १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. हा ३३३६६७ मूळ आहे. वर्ग केल्यावर हिशेब असा: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग.

सतरा अंकी एवढी मोठी संख्या आणि मूळ अवयव तीनच. पण ते तिघे साधे नाहीत. एकाला ३ नं भागा: ०.३३३…, एकच अंक पुन्हा पुन्हा येतो. ३७ नं भागा: ०.०२७०२७…, तीन अंकांचं आवर्तन. ३३३६६७ नं भागा: ०.०००००२९९७०००००२९९७…, नऊ अंकांचं आवर्तन. आवर्तनाची लांबी १, ३ आणि ९. आणि एका अंकाचं आवर्तन देणारी मूळ संख्या जगात फक्त ३ आहे, तीन अंकांचं देणारी फक्त ३७, नऊ अंकांचं देणारी फक्त ३३३६६७. सहा अंकांचं आवर्तन ७ देतो आणि १३ ही देतो. तिथं एकाची मक्तेदारी नाही. आपल्या संख्येचे तिन्ही मूळ अवयव मात्र आपापल्या लांबीचे एकटे मालक आहेत. कारण अवघड नाही. आवर्तन नऊ अंकांचं असायचं तर त्या मूळ संख्येनं ९९९९९९९९९ ला निःशेष भागलं पाहिजे, आणि ती संख्या म्हणजे नऊ वेळा आपले नऊ एक्के. अवयव तेच तिघे. ३ आणि ३७ यांची आवर्तनं आखूड निघाली, उरला ३३३६६७.

३७ आणि ३३३६६७ यांचा गुणाकार केला की महावीराचार्यांची १२३४५६७९ मिळते, आठ वगळून गेलेली. तिचा वर्ग १५२४१५७८९९७१०४१. त्याला ८१ नं गुणलं की आपली सतरा अंकी संख्या परत हजर. एकाला ८१ नं भागलं तरी ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… अशी तीच आठ गाळलेली रांग फिरत राहते. दहा एक्क्यांच्या वर्गात डावीकडचा आठ हातच्यानं बदलला होता, इथंही आठ जातो तो हातच्यामुळेच.

संख्यांच्या नेहमीच्या वर्गवारीत तिची जागा चटकन सांगता येते. विभाजक ४५, म्हणजे बावीस जोड्या आणि मध्ये एकटे नऊ एक्के. स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज संख्येच्या निम्म्याहून जराच जास्त भरते, म्हणून ती ‘न्यून’ गटात. ती ‘परिपूर्ण’ असूच शकत नव्हती: ४५ विषम विभाजकांची बेरीज विषमच येणार आणि परिपूर्णाला ती संख्येच्या दुप्पट, म्हणजे सम, हवी. एकापासून ५५५५५५५५ पर्यंतच्या सगळ्या संख्यांची बेरीज करा, १५४३२०९८७३४५६७९० येईल. तिची आठपट करून एक मिळवा, पुन्हा हीच.

मला सर्वांत जास्त हरखवणारी गोष्ट मात्र भूमितीतली. वर्ग संख्या आहे तर ती दोन वर्गांची बेरीज म्हणून मांडता येईल का, म्हणजे नऊ एक्के कर्णावर बसतील असा पूर्णांक बाजूंचा काटकोन त्रिकोण आहे का? आहे, आणि एकच आहे. चारनं भागून एक उरणारा मूळ अवयवच असा त्रिकोण देऊ शकतो, आणि आपल्या तिघांत तसा एकटा ३७ आहे. १२, ३५, ३७ हा त्रिकोण बौधायन शुल्बसूत्रात वेदीच्या मोजमापांबरोबर नोंदलेला आहे, ख्रिस्तपूर्व काळापासून आपल्याकडे माहीत असलेला. त्याच्या तिन्ही बाजू ३००३००३ पट मोठ्या करा. एक बाजू ३६०३६०३६, दुसरी १०५१०५१०५, कर्ण १११११११११. पहिल्या दोघींचे वर्ग मिळवले की १२३४५६७८९८७६५४३२१. त्रिकोण असणं हा संख्येचा स्वभाव, कुठल्याही लिपीत तो असणारच. पण ३६०३६०३६ आणि १०५१०५१०५ ही लय दशमानातच ऐकू येते.

इंग्रज गणिती जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’मध्ये ८७१२ आणि ९८०१ या संख्यांचं उदाहरण दिलं आहे. त्या आपल्याच उलट्या रूपाच्या चौपट आणि नऊपट आहेत. कोड्यांच्या सदरात शोभतील, पण गणितीला त्यात काही नाही, असं त्यांचं मत होतं. हार्डींचा अधिकार मोठा, तरी मला ते पटत नाही. अंकांच्या खेळातून ३३३६६७ पर्यंत आणि तिथून आवर्ती दशांशांच्या सिद्धांतापर्यंत वाट जाते, आणि ती वाट शाळकरी मुलालाही चालता येते. कापरेकर आयुष्यभर त्या वाटेवर होते. समकालीन गणितींकडून त्यांना फारसा मान मिळाला नाही, पुष्कळ पुस्तिका त्यांनी स्वतःच छापल्या, आणि मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगभरच्या वाचकांना देवळाली कळली.

त्यांच्याच दोन कसोट्या त्यांच्या या डेम्लो संख्येला लावून पाहू. पहिली हर्षद संख्येची: अंकांच्या बेरजेनं संख्येला निःशेष भाग जायला हवा. इथं बेरीज ८१, आणि ३ चा चौथा घात म्हणजेच ८१, तेव्हा भाग जातोच. नऊ डेम्लो संख्यांपैकी १, १२३२१ आणि ही, अशा तीनच हर्षद आहेत. एक्के एक, तीन किंवा नऊ असतात तेव्हाच.

दुसरी कसोटी स्वयंभू संख्येची. कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या जन्मते. २१ पासून २४. जिला असा कुणी जनक नाही ती स्वयंभू, जसे २०, ३१, ४२. आपल्या संख्येला जनक आहे का? सतरा अंकांची बेरीज जास्तीत जास्त १५३ होते, म्हणजे जनक फार तर १५३ नं मागे असणार आणि त्याचे पहिले चौदा अंक, १२३४५६७८९८७६५४, हेच राहणार. त्यांची बेरीज ७५. संख्येचे शेवटचे तीन अंक ३२१. त्यातून ७५ गेले, उरले २४६. तेव्हा अशी तीन अंकी संख्या हवी की ती आणि तिच्या अंकांची बेरीज मिळून २४६ होतील. २३० ते २३९ मध्ये हे जमत नाही, तिथं उत्तर नेहमी विषम येतं. २२० ते २२९ मध्ये ते २४२ च्या वर जात नाही. त्याच्या खाली तर आणखी कमी. २४१ पासून पुढे ते जास्त होतं. २४० अधिक ६ मात्र बरोबर २४६. जनक सापडला, आणि तो एकच आहे: १२३४५६७८९८७६५४२४०. त्याच्याही अंकांची बेरीज ८१, त्यालाही ८१ नं निःशेष भाग जातो. तोही हर्षद.